मित्र हवा तो बाहेरचाच

नरक चतुर्दशीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. अभ्यंगस्नान उरकायचे, नव्या कपड्यांची घडी मोडायची, गणेश मंदिरात नमस्कार करायचा आणि मग ऊन चढेपर्यंत रस्त्यावर उभे राहून भेटेल त्याला भेटायचे. ठाण्यात हेच राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला चालते. तिथे अलीकडे राजकीय पक्षांनी आपापले मंच आणि ध्वनिक्षेपक आणून ठेवल्यामुळे भेटलेल्या माणसाशी बोलणे अवघड झाले आहे, पण तो भाग वेगळा. मूळ प्रथेला निमंत्रण नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. दिवाळीची पहिली सकाळ खरे तर घरच्यांची. या शहरांनी ती मित्रांना देऊन टाकली, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

या गर्दीत एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘घरी सगळे बरे ना?’ त्याचे उत्तरही ठरलेले: ‘एकदम मजेत!’ वडिलांनी या आठवड्यात दोनदा गॅस चालू ठेवला, इमारतीच्या पुनर्विकासाच्या करारावरून भावाशी बोलणे बंद आहे, किंवा बारावीचा निकाल लागल्यापासून मुलगी खोलीबाहेर जेवायलासुद्धा येत नाही, हे अत्तर लावून आलेल्या माणसाला कसे सांगणार? सणाच्या दिवशी असे बोलूही नये, इतकी रीत सगळ्यांना कळते. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते, तो बहुधा येतच नाही. सकाळी साडेसहाला शाळेच्या ग्रुपवर त्याचा निरोप येतो, ‘यंदा जमत नाही रे, तुम्ही मजा करा’, शेवटी जोडलेले दोन हात. त्यावर चार-पाच अंगठे उमटतात आणि विषय संपतो.

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन होऊन गेला. व्याख्याने झाली, फलक लागले आणि उतरले. त्या दिवशी बोलले जाते ते बहुतेक परीक्षेच्या ताणाबद्दल, नोकरीतल्या दगदगीबद्दल, मोबाइलच्या व्यसनाबद्दल. घराबद्दल फारसे कोणी बोलत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ सालचा अहवाल मात्र वेगळेच सांगतो. त्या वर्षी देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी महाराष्ट्रातल्या २२ हजार ७४६, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. कारणांच्या यादीत सर्वांत वर आहेत कौटुंबिक प्रश्न, ३१.७ टक्के. त्याखाली आजारपण, १८.४ टक्के. पोलीस ठाण्यात भरलेल्या रकान्यांत माणसाचे दुःख मावत नाही हे खरे, आणि एका मृत्यूला एकच कारण असते असेही नाही. तरीही निम्मे आकडे घराच्या आणि आजारपणाच्या खात्यावर पडतात, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. दर दहा मृतांमागे सात पुरुष आहेत, हीसुद्धा नाही.

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात हे घर कसे असते? गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून परवडणाऱ्या जागेच्या शोधात लोक इकडे सरकत आले. बिनलिफ्टच्या तीन-चार मजली इमारतींत त्यांनी दोन खोल्या, जमल्यास तीन, घेतल्या. घर घेतले तेव्हा गुडघे तिशीतले होते. आता ते सत्तरीपुढचे झाले आणि तिसरा मजला तिसराच राहिला. एक मूल पुण्यात किंवा बंगळुरूत, एखादे परदेशात, आणि मागे उरलेले एक सकाळी सातला घर सोडून रात्री नऊला परतणारे. आईवडिलांची सगळी काळजी या मागे उरलेल्याच्या वाट्याला येते. ती वाहायला लागणारा वेळ रेल्वे घेऊन जाते. परदेशातला भाऊ रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला ‘किती बारीक झालीस’ म्हणतो आणि फोन ठेवल्यावर घरात जे होते, ते ज्याचे त्याला माहीत.

अशा माणसाला बोलायला जागा उरते ती गाडीतच. मुंबईच्या लोकलमधले ग्रुप हा मोठा विषय आहे आणि त्याचे गोडवे पुष्कळांनी गायले आहेत: भजन, पत्ते, दसऱ्याला डब्याची पूजा, महिलांच्या डब्यातले हळदीकुंकू. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, नंतर बराच काळ ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी धावली आणि अनेक ग्रुप तेव्हा मोडले ते पुन्हा जमले नाहीत. कोणी घरून काम करू लागले, कोणी घोडबंदरला गेले, कोणी पलावात. जे उरले आहेत, त्यांत जवळीक खरी असते, पण तिची हद्दही ठरलेली असते. साहेबाचा स्वभाव, पगारवाढ, गावचा आंबा, मुलांच्या क्लासच्या फिया यांबद्दल सगळ्यांना सगळे ठाऊक असते. कोणाच्या घरात काय चालले आहे, ते मात्र वर्षानुवर्षे शेजारी बसणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आणि कोणी बोललेच, तर काय होते? महिलांच्या डब्यातली एक नेहमीची संध्याकाळ घेऊ. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, हातात मेथीची जुडी. ठाणे सुटते आणि मेथी निवडणारी सांगते, ‘परवा सासऱ्यांनी रात्री अडीचला दार उघडलं आणि जिना उतरून खाली गेले. वॉचमननं आणून सोडलं. मला जागसुद्धा आली नाही.’ हात थांबलेला नसतो. समोरची म्हणते, ‘अगं, आमच्या सासूबाई तर दोन वर्षं अंथरुणात होत्या. सगळं जागेवर.’ शेजारची म्हणते, ‘ब्राह्मी देऊन बघ ना. आमच्या ओळखीत गुण आला एकांना.’ तिसरी विचारते, ‘आणि तुझी जाऊ? ती काय करते? सगळं तुझ्याच गळ्यात का?’ दिवा येईपर्यंत विषय जावेवर गेलेला असतो आणि कोपरला सेलमधल्या कुर्त्यांवर. ‘मला जागसुद्धा आली नाही’ हे वाक्य डब्यात तसेच पडून राहते.

तिघींच्याही मनात खोट नव्हती. एकीने आपले दुःख पुढे करून तिला सोबत द्यायचा प्रयत्न केला, एकीने औषध सांगितले, एकीने न्याय केला. पुरुषांच्या डब्यात तर याच्याही अलीकडे गाडी थांबते. तिथे ‘होतं रे सगळं नीट, टेन्शन घेऊ नको’ म्हणून पत्ते वाटले जातात. घरच्या काळजीत सापडलेल्या माणसाला या चारही गोष्टी घरातून, नात्यागोत्यातून, सोसायटीच्या जिन्यात फुकट आणि भरपूर मिळत असतात. त्यासाठी मित्र लागत नाही.

मग मित्र कशासाठी लागतो? आमचे मत असे की तो घरचा नाही, हेच त्याचे भांडवल आहे, आणि आपण नेमके तेच उधळतो. मैत्री जरा घट्ट झाली की ‘तू घरातलाच आहेस’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मित्राची आई आपली मावशी होते, बायको वहिनी होते. यात लोभ आहे, गोडवा आहे, आणि हक्काने जेवायला बसण्यापुरते ते छानही आहे. पण घरात दुखणे निघाले की घरातला प्रत्येक माणूस त्यात पक्षकार असतो. आईला वडिलांबद्दल सांगता येत नाही, बहिणीला बायकोबद्दल सांगता येत नाही, आणि बायकोला सांगावे तर ती आधीच दमलेली. जो ऐकून घेईल, पण ज्याला त्या घरात काही मिळवायचे नाही आणि काही गमवायचे नाही, असा एकच माणूस उरतो. तोही घरातला झाला की मग बोलायचे कोणाशी? लोकलमधली चौथी सीट आठवा. तीन जणांच्या बाकावर सरकून दिलेली ती जागा. तिच्यावर बसणारा अर्धा आत असतो, अर्धा बाहेर. मित्राची बैठक साधारण तशी असावी.

बाहेरच्या माणसाचे हे मोल जगात काही जणांनी फार पूर्वी ओळखले. १९५३ मध्ये चॅड वारा या लंडनच्या धर्मगुरूने आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांसाठी एक दूरध्वनी क्रमांक जाहीर केला. समुपदेशन तो स्वतः करणार होता. लोक फोन करू लागले, प्रत्यक्ष येऊही लागले आणि बाहेरच्या खोलीत त्याची वाट पाहत बसू लागले. त्यांना चहा द्यायला, सोबत बसायला काही स्वयंसेवक होते. थोड्याच दिवसांत वाराच्या लक्षात आले की बाहेर चहा पिता पिता बोलून बरेच जण परत जातात. त्यांना आत यायची गरजच वाटत नाही. पुढल्या वर्षी त्याने फोनचे कामच या साध्या माणसांच्या हाती सोपवले. त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. चहा देणाऱ्यांकडे पदवी नव्हती. ते कोणाचे नातेवाईक नव्हते आणि त्यांना कोणाला सुधारायचे नव्हते.

झिम्बाब्वेतल्या हरारेची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटेल. डॉ. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाची एक तरुण रुग्ण उपचाराला येऊ शकली नाही, कारण बसच्या भाड्याला पैसे नव्हते. तिने आत्महत्या केली. मग २००६ पासून चिबांडा यांनी वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसवले. हे बाक ‘फ्रेंडशिप बेंच’ म्हणून ओळखले जाते. आजी ऐकते, आणि अनेक अडचणींपैकी आज हात घालता येईल अशी एकच निवडायला लावते. या बाकाचा उपयोग होतो की नाही, याची रीतसर चाचणी झाली. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांचे नैराश्य नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळकपणे उतरले होते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

दूर कशाला, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने ‘आत्मीयता’ हा प्रकल्प राबवला, त्यातही गावातल्याच साध्या माणसांना हे काम शिकवले. ठाण्याला तर हा वारसा घरचाच आहे. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये इथे ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ म्हणजे आयपीएच सुरू केली. तिची ‘मैत्र’ ही हेल्पलाइन प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या बळावर चालत आली आहे. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाच्या बायकोला ‘सहचरी’ गटात बसवले. तिच्यासारख्याच इतर जणी तिथे तिचे ऐकतात. नवरा कधी सुधारेल याची चर्चा तिला घरी रोजच मिळते. इथे पहिल्यांदा कोणी तरी तिला तिच्या झोपेबद्दल, तिच्या जेवणाबद्दल विचारते. मनोरुग्णाची काळजी घेणाऱ्याला मराठीत ‘शुभंकर’ म्हणण्याची चाल पडली आहे. शब्द चांगला आहे. पण शुभंकराचे शुभ कोणी पाहायचे, हे काम अजून कोणाच्या नावावर लागलेले नाही.

ते मित्राच्या नावावर लागावे. आणि तिथेच बाहेरचे राहण्याची खरी कसोटी लागते. नवरा-बायकोच्या भांडणात मित्राने मैत्रिणीची बाजू घेऊन ‘सोडून दे त्याला’ म्हणावे, आठवड्याने दोघांनी समेट करावा, आणि त्या समेटात मित्र कायमचा दुरावावा, हे आपण किती वेळा पाहिले आहे! तो खोटे बोलला म्हणून दुरावत नाही; त्याने बोलून दाखवलेले वाक्य त्या घरात आता कोणालाच नको असते. कोणी स्वतःच्या आईला, भावाला, मुलाला शिव्या घालत असेल तर त्यात मित्राने आपला सूर मिळवू नये. माणूस ज्यांच्यावर चिडतो, त्यांच्याच काळजीने तो रात्री जागा असतो. (मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर हा नियम बाद. तिथे बाजू घ्यावीच लागते, आणि लगेच.) एरवी ‘मग तू काय केलंस?’, ‘रात्री झोप लागते का?’ असे दोन प्रश्न विचारून गप्प बसणे जमले, तरी पुष्कळ झाले. मेथी निवडणाऱ्या त्या बाईला जाग आली नाही, याचीच टोचणी होती. तेवढेच कोणी उचलून विचारायला हवे होते.

ऐकण्यापलीकडे मित्राने करण्यासारखे पुष्कळ असते आणि ते अगदी रोखठोक असते. ‘काही लागलं तर हक्काने सांग’ हे वाक्य आपण मनापासून बोलतो, पण ते ऐकणारा माणूस हक्काने कधीही सांगत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असते. त्याऐवजी नेमके काही उचलावे. रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत सकाळी आठला उभे राहणे. रविवारी चार ते सहा मित्राच्या वडिलांसोबत बसून त्यांना तीच ती गोष्ट पुन्हा सांगू देणे, म्हणजे मित्राला बायकोबरोबर खाडीवर फेरी मारता येईल. त्यांचे तिसऱ्या मजल्यावरचे सिलिंडर, दळण. गंभीर मानसिक आजारातही दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते; त्यासाठीचे अर्ज, झेरॉक्स, फेऱ्या. घरच्या माणसाला हे करताना हिशेब आठवतो, कोणी किती केले याचा. मित्राच्या डोक्यात हा हिशेब नसतो. तीन मित्रांनी महिन्यातला एकेक रविवार वाटून घेतला, तर डोंबिवलीतल्या कितीतरी घरांची दिवाळी सुखाची होईल, फराळाच्या डब्यांची देवघेव जरा कमी झाली तरी.

या मैत्रीची एक हद्दही सांगितली पाहिजे. ‘कोणाला सांगू नकोस’ या शब्दाला मित्र बांधील असतो, एक प्रसंग सोडून. ‘आता नकोच वाटतं’, ‘मी नसलो तर सगळ्यांचंच बरं होईल’ असे कोणी बोलू लागला, जपून ठेवलेल्या वस्तू वाटू लागला, विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगू लागला, तर सरळ विचारावे: जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नये, आणि गुपित मोडावे. घरच्यांना सांगावे, डॉक्टरांकडे सोबत जावे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. पोलिसांचे लचांड मागे लागेल ही भीतीही आता बाळगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असलेला माणूस मानते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखा सरसकट गुन्हा उरलेला नाही.

डॉक्टरांकडे जाण्यात ठाणेकरांची एक जादा अडचण आहे. इथले मनोरुग्णालय १९०१ सालचे. तेव्हापासून पिढ्यानपिढ्या मराठी माणूस, कोणी जरा वेगळे वागले की, ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणून हसत आला. पुण्याकडे तोच विनोद येरवड्याच्या नावाने होतो. हा विनोद ऐकत वाढलेला मुलगा मोठेपणी वडिलांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला निघतो, तेव्हा जिन्यात शेजाऱ्याला ‘दातांच्या डॉक्टरकडे चाललोय’ म्हणून सांगतो. ठाणे आणि मुलुंडच्या मधले नियोजित नवे रेल्वे स्थानक याच रुग्णालयाच्या जमिनीवर होते आहे. ते सुरू झाले की लाखो लोक रोज ‘तिथेच’ उतरतील आणि विनोद आपोआप शिळा होईल. तोवर तो मित्रांनी तरी करू नये. आणि जमल्यास त्या दातांच्या डॉक्टरकडे सोबत जावे.

पाडवा होईल, भाऊबीज होईल. ओवाळणी घेऊन भाऊ जातील, परदेशातले परत विमानात बसतील. फराळाचे डबे तळाला लागतील, आणि ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घरात दिवाळीपूर्वीचाच दिवस पुन्हा सुरू होईल, चार दिवसांच्या पाहुणचाराचा थकवा वर घेऊन. फडके रोडवर जो दिसला नाही त्याला फोन करायचा तो त्या आठवड्यात. ‘कसा आहेस’ असे विचारले तर ‘मजेत’ हेच उत्तर येईल, म्हणून ते विचारूच नये. ‘रविवारी चारला येतो, काकांजवळ मी बसतो, तुम्ही दोघं जरा बाहेर जाऊन या’ असे म्हणावे. पहिल्यांदा ‘नको रे, कशाला उगाच’ येईलच. त्याने खचून जाऊ नये. डोंबिवलीत चहालासुद्धा पहिल्यांदा ‘नको’च म्हणतात.